पश्चिमेची भिंत

रत्नागिरीत दगड शोधावा लागत नाही. सड्यावर उभं राहिलं की तो पायाखालीच असतो. लाल, भोकाभोकांचा, पावसाळ्यात शेवाळून हिरवा होणारा आणि मार्च-एप्रिलमध्ये अनवाणी पायाला चटके देणारा जांभा. खाणीतून निघतो तेव्हा तो इतका मऊ असतो की धारदार पात्यानं तासता येतो. मग त्याला वारा लागतो, ऊन लागतं आणि वर्षागणिक तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन यांनी हाच दगड केरळात अंगडीपुरमजवळ पाहिला आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. तेव्हापासून भूगर्भशास्त्रज्ञ त्याला लॅटराइट म्हणतात. आमच्याकडे आधी मनात घर येतं आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, चिरे कुठून आणायचे?

माझ्या मनात कैक वर्षं एक वास्तू आहे. ती बांध म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही, तिच्यासाठी जागाही नाही आणि पैसाही नाही. पण कोकणातल्या बेने इस्राईल या ज्यू समाजाची आठवण जर आज कुणी दगडात बांधायची ठरवली, तर ती कशी असावी, हा विचार मला सोडत नाही.

या समाजाची कथा कोकणाला परकी नाही. फार जुन्या काळी, नक्की कधी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ज्यूंचं एक गलबत चौल बंदराच्या टापूत, खांदेरी-उंदेरीच्या आसपास फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेतं गावकऱ्यांनी तिथेच पुरली. अलिबागच्या उत्तरेला नवगावात ते दफनस्थान आजही आहे. पुरुष एका उंचवट्याखाली, स्त्रिया दुसऱ्याखाली, असं सांगतात. आता तिथे स्मारकस्तंभही आहे. वाचलेले लोक तिथेच रुजले. घाण्यावर तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पोथ्या समुद्रात गेल्या होत्या. शब्बाथ, सुंता, खवल्यांची तेवढीच मासळी खाणं आणि शेमाची प्रार्थना एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलं. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, चेऊलकर, नवगावकर, अष्टमकर, वाकरूळकर. ही आडनावं एकापाठोपाठ एक म्हटली की जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच समोर येतो.

आता त्यांच्या वास्तूंकडे बघा. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, पाहायचं तर आम्हा रत्नागिरीकरांना उत्तरेची वाट धरावी लागते. रेवदंड्याचं बेथ एल 1842 चं, पनवेलचं बेथ एल 1849 चं, अलिबागच्या इस्राईल आळीतलं मागेन आबोथ 1848 चं आणि पुढे 1910 मध्ये नव्यानं बांधलेलं. पेण, पोयनाड, म्हसळा, नांदगाव इथेही. बाहेरून पाहणाऱ्याला यांत ज्यू म्हणून वेगळं काढावं असं थोडंच दिसेल. भिंत इथलीच आणि पुष्कळ ठिकाणी वर कौलंही इथलीच. एखाद्या जुन्या वाड्याच्या नाहीतर शाळेच्या शेजारी ती इमारत सहज मिसळून जाते. आत गेल्यावर मात्र क्रम बदलतो. मध्यभागी कठडा घातलेला लाकडी तेबा, जिथे उभं राहून तोरा हा धर्मग्रंथ वाचतात. छताला टांगलेले काचेचे दिवे. स्त्रियांसाठी वर सज्जा. आणि पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचं कपाट, पुढे पडदा सोडलेलं.

ही पश्चिम मला नेहमी थांबवते. जेरुसलेम इथून पश्चिमेला, म्हणून हेखाल पश्चिमेच्या भिंतीत. युरोपातला ज्यू प्रार्थनेला पूर्वेकडे तोंड करतो. कोकणातला ज्यू पश्चिमेकडे करतो, आणि कोकणात पश्चिम म्हणजे समुद्र. ज्या पाण्यानं त्यांचं गलबत फोडलं, त्यांच्या पोथ्या गिळल्या, माणसं गिळली, त्याच पाण्याकडे तोंड करून हे लोक शेकडो वर्षं प्रार्थना म्हणत आले. माझ्या मते कोकणी ज्यूंच्या वास्तुकलेचं सगळं सार या एका गोष्टीत आहे. कमान कुठली, खांब कुठल्या घडणीचा, हे गवंडी ठरवतो. तोंड कुठे करायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं.

घरातही तसंच. चौकट नेहमीची, सागाची नाहीतर फणसाची, उंबरा नेहमीचा. फक्त आत जाताना उजव्या हाताच्या बाहीवर, खांद्याच्या उंचीला, एक बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली. तीत चर्मपत्रावर लिहिलेलं धर्मवचन. तिला मेझुझा म्हणतात. अशाच एका घराच्या दारात मी उभा होतो तेव्हा त्या घरच्या आजी बाजारातून आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताची दोन बोटं नळीला लागली, ओठांना लागली आणि त्या आत गेल्या. मला म्हणाल्या, "या ना, दारात का उभे?" त्या नळीच्या खालचं लाकूड, बोटं ज्या जागी टेकत तेवढंच, गुळगुळीत आणि काळसर झालं होतं.

बेने इस्राईल लोकांत तेली होते तसे सुतार आणि गवंडीही होते, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे आपले सामाजी हसाजी दिवेकर, यांनी 1796 साली उभारलं. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी टिपूच्या कैदेत सापडला होता. जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन असा त्यानं नवस केला होता, असं समाजात सांगतात. नवस फेडायला सिनेगॉग बांधणारा माणूस मला पुरता कोकणी वाटतो. पुढे कामानिमित्त हे लोक कराचीपर्यंत गेले. तिथल्या नगरपालिकेत नोकरीला असलेल्या सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर यांनी 1893 मध्ये मागेन शालोम सिनेगॉग बांधलं. 1988 मध्ये ते पाडून टाकण्यात आलं. त्याचं छायाचित्र पाहताना मला वाईट वाटतं ते एका मराठी माणसानं परमुलखात बांधलेलं घर गेलं म्हणूनही.

ससून घराण्यानं बांधलेल्या वास्तूंची गोष्ट वेगळी. बगदादहून आलेले हे श्रीमंत व्यापारी. पुण्याचं ओहेल डेव्हिड, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, 1867 मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. मुंबईत फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू 1884 चं. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, पुण्याचा मनोरा तर दुरून चर्चचाच वाटतो. पण त्यांत व्हिक्टोरियन इंग्लंड पुष्कळ आहे. माझ्या मनातल्या वास्तूला त्यांच्याकडून घेण्यासारखं फार नाही. तिला रेवदंड्याचं कौलारू घर जास्त शिकवतं.

आणि तिला आमचा थिबा राजवाडाही शिकवतो. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 च्या सुमारास त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. नक्षीच्या लाकडी खिडक्या, उतरती छपरं, ब्रह्मी धाटणी, हे सगळं आहे. पण भिंतीला दगड इथलाच, लाल जांभा. वरच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. त्या राजाचा देश मात्र त्या समुद्राच्या दिशेला नव्हताच. तो पाठीमागे, पूर्वेला होता. तिथे गेलं की मला दर वेळी जाणवतं की परागंदा माणसाला भिंत जिथली तिथली मिळते, ती त्यानं कुठे तोंड करून वापरायची हे तेवढं त्याच्या हाती राहतं. राजाला तेवढंही मिळालं नाही. नवगावला लागलेल्या चौदा जणांना मिळालं.

आधुनिक काळात ज्यू वारसा दगडात बांधायचा म्हटलं की डोळ्यांपुढे जेरुसलेम येतं. तिथे 1918 मध्ये ब्रिटिश लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी हुकूम काढला की शहरातल्या इमारतींना दगडच वापरायचा. तो नियम या ना त्या रूपात आजवर चालत आला. म्हणून त्या शहरात काल बांधलेलं दुकान आणि जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा तट एकाच फिकट पिवळ्या चुनखडीचे दिसतात. संध्याकाळच्या उन्हात सगळं शहर सोनेरी होतं म्हणतात. त्या दगडाची कीर्ती अशी की जगात कुठेही ज्यू संस्था बांधायची झाली की तोच दगड मागवून दर्शनी भागावर लावायची हौस असते. मला हे पटत नाही. स्टॉर्स यांच्या हुकुमातलं शहाणपण असं की जिथे बांधता तिथला दगड लावा. तो पाळायचा तर रत्नागिरीत जेरुसलेमचा दगड आणून चालणार नाही.

त्याच जेरुसलेममध्ये याद वाशेम स्मारकाच्या आवारात एक जागा आहे जिची मी फक्त छायाचित्रं पाहिली आहेत. डोंगराचा कातळ खोल कापून आत चक्रव्यूहासारख्या मोकळ्या खोल्या केल्या आहेत. वर छप्पर नाही. नुसत्या उंच दगडी भिंती आणि त्यांच्यावर कोरलेली गावांची नावं, पाच हजारांहून जास्त. नाझींच्या काळात जिथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली किंवा जेमतेम उरली ती ही गावं. त्या जागेला समुदायांची दरी म्हणतात.

ती छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चिरेखाण आठवली. आमच्या सड्यावर सोडून दिलेल्या खाणी ठिकठिकाणी आहेत. चिरे एका मापानं काढत नेल्यामुळे भिंती अगदी ओळंब्यात उभ्या राहतात, तळाला पायऱ्या पायऱ्या उरतात, पात्याच्या आडव्या रेघा भिंतभर दिसतात. वर आभाळाचा चौकोन. आत उतरलं की वारा थांबतो. त्या दरीचे शिल्पकार ज्यासाठी डोंगर कापत बसले, ते आमच्याकडे घरं बांधता बांधता तयार होऊन पडलं आहे, आणि त्यात पावसाचं पाणी आणि कचरा साचतो आहे.

मात्र एक फरक विसरून चालत नाही, आणि त्याच फरकावर माझी वास्तू उभी आहे. त्या दरीतली गावं दगडात कोरावी लागली कारण त्यांची नावं सांगायला माणसं उरली नाहीत. किहीम, पेण, रोहे, झिराड इथे असं काही घडलं नाही. कोकणात या लोकांना कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. 1948 नंतर ते आपणहून, आपल्या धर्माच्या ओढीनं इस्राईलला गेले. तिथे गेल्यावर आपण पुरते ज्यू आहोत हे पटवून द्यायला त्यांना झगडावं लागलं, 1964 मध्ये त्याचा निकाल लागला. आज ते अश्दोदमध्ये, लोदमध्ये, दिमोनात, बीरशेबात राहतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात, आणि दारावरच्या पाटीवर हिब्रू अक्षरांत किहीमकर लिहितात. गाव मागे राहिलं आणि नाव माणसांबरोबर गेलं. जगातल्या ज्यू इतिहासात अशी निर्धास्त कहाणी विरळ आहे. तिला दुःखाची वास्तू शोभणार नाही. कोंदट अंधार, तिरप्या भिंती, पाय अडखळवणारी जमीन हे युरोपातल्या स्मारकांचं देणं इथे उसनं आणायचं कारण नाही. इथे बसायला जागा हवी, सावली हवी, पाण्याचा नळ हवा, आणि चार माणसांनी एकत्र बसून मलिद्याचं ताट पुढे ठेवावं एवढा ओटा हवा.

मलिद्यावरून खंडाळे आठवलं. अलिबागजवळच्या या गावात एक कातळ आहे. एलियाहू हानाबी, म्हणजे प्रेषित एलिया, इथून आकाशात गेला आणि त्याच्या रथाच्या नि घोड्यांच्या खुणा या कातळावर उमटल्या, अशी बेने इस्राईलांची श्रद्धा. लोक तिथे नवस बोलतात, फेडतात. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, फळं असा मलिदा करतात, प्रार्थना म्हणतात. इस्राईलहून आलेली माणसंही मुद्दाम तिथे जातात. तो कातळ कुणी घडवलेला नाही. त्याच्यावर काही बांधलंही नाही तरी चालतं. तोरात आज्ञाच आहे की देवासाठी दगडाची वेदी केलीस तर घडवलेल्या दगडांची करू नकोस, हत्यार लागलं की ती विटाळली. आणि ज्यूंच्या धर्मग्रंथांतच पुढे शलमोनाच्या मंदिराचं वर्णन आहे, जिथे सगळे दगड खाणीतच घडवून आणले होते आणि बांधकामाच्या जागी लोखंडाचा आवाज होऊ दिला नव्हता. एकाला हत्यार लागूच द्यायचं नाही, दुसऱ्यावरचं हत्यार दूर ठेवायचं. जांभ्याला दुसरी रीत आपसूक जमते. चिरा खाणीवरच माप घेऊन निघतो, जागेवर नुसता रचायचा.

कातळावरच्या खुणा पाहायलाही आम्हाला खंडाळ्याला जावं लागत नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात कितीतरी प्राण्यांच्या आकृत्या मावल्या आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कुणी कोरली, कशासाठी, हे सांगणारी भाषा गेली, रेघ राहिली. जांभ्यावर काय टिकतं आणि काय टिकत नाही हे या सड्यांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे.

बेने इस्राईलांची गावं तर रायगडातली, मग वास्तू रत्नागिरीत कशाला, असं कुणी विचारील. रायगडात नवं काही बांधायची गरज नाही. तिथल्या जुन्या सिनेगॉगांची कौलं शाकारणं, वाळवी लागलेलं लाकूड बदलणं, कबरींवरची हिब्रू-मराठी अक्षरं वाचून ठेवणं, हे काम आधी व्हायला हवं, आणि त्यातला रुपयाही दुसरीकडे वळवू नये. गुळगुळीत फरशा, चकचकीत ग्रॅनाइट, तैलरंग यांनी जीर्णोद्धार करायची घाई तर मुळीच नको. आठवण करून द्यायची गरज आहे ती आम्हा दक्षिणेकडच्यांना. आमच्या मुलांना ज्यू म्हटलं की हिटलर आठवतो. आपल्याच कोकणात, आपल्यासारखीच आडनावं असलेली, सणाला आपल्यासारखंच नारळाचं दूध काढणारी माणसं ज्यू होती आणि आहेत, हे त्यांच्या कानावरच येत नाही. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनानं ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला तेव्हा अनेकांना हे लोक इथले आहेत हेच नव्यानं कळलं.

म्हणून माझी वास्तू एका सोडलेल्या चिरेखाणीत आहे. उत्तर, दक्षिण आणि पूर्व या तीन बाजू खाणीच्या कापलेल्या कातळाच्या, आहेत तशाच. चौथी, पश्चिमेची, तेवढी बांधायची. कापलेल्या चिऱ्यांची, गिलावा न करता. तिच्यावर किहीमकर, पेणकर ही आडनावं.

हे मी आमच्याकडच्या एका जुन्या गवंड्याला सांगितलं. आयुष्यभर चिऱ्याचं काम केलेला माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावं कशावर?" मी म्हटलं, चिऱ्यावरच कोरायची. त्यानं शेजारच्या गडग्यातल्या एका चिऱ्यावर नख फिरवलं. भोकातून लाल भुगा निघाला.

"नाय राहायची, भाऊ. जांब्यात रेघ राहील, हातभर रुंद असली तर. बारीक अक्षर चार पावसात भरून जाईल. वेलांटी पहिली जाईल."

"मग काय करायचं मामा?"

"काळा दगड घ्या. चिऱ्याच्याच मापाचा घडवा नि मधे मधे बसवा. पण हा आपल्या सड्यावरचा नाय, बाहेरून आणायला लागंल."

काळा दगड म्हणजे अलिबाग-मुरूडकडचा. कुलाबा किल्ल्याच्या तटातले, चुन्याशिवाय एकावर एक ठेवलेले अवाढव्य धोंडे त्याच दगडाचे आहेत. गावांची नावं त्या गावांकडच्याच दगडावर यावीत आणि भोवतीची भिंत आमच्या जांभ्याची असावी, यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं. मी लगेच कबूल झालो.

मामा पुढे हिशेबाला लागला. काळा दगड जड, तेव्हा खालचे थर रुंद घ्यायचे. भिंत दीड हाताची करायची. मग त्यानं विचारलं की नावं कुठल्या अंगाला, बाहेरून दिसायला हवीत का. मी म्हटलं, आतल्या अंगाला, वाचणाऱ्याचं तोंड पश्चिमेकडे व्हायला हवं. त्यालाही ते पटलं, पण त्याचं कारण निराळं होतं. पाऊस पश्चिमेकडून मारतो. बाहेरच्या अंगाला नावं ठेवली तर शेवाळ धरेल आणि दर दिवाळीला घासत बसावं लागेल. आतल्या अंगाला ठेवायची आणि भिंतीवर तीन हात पुढे येईल अशी कौलांची पडवी काढायची. पडवीखाली बसायला ओटा हवा म्हणून मी आधीच सांगितलं होतं, तो त्यानं दीड फूट उंचीचा धरला, म्हाताऱ्या माणसांना बसता-उठता यावं म्हणून.